दुमडलेली पानं

मला पसारा खपत नाही. घरातला नाही, आणि कागदावरचा तर मुळीच नाही. बारामतीतल्या एका लहानशा संस्थेत सोळा वर्षं मी नोंदी सांभाळते आहे. कपाटातली कुठलीही फाइल डोळे मिटून काढून दाखवीन, अशी माझी मिजास होती. मिजासच म्हणायची ती. ती कशी उतरली, ते सांगते.

संस्था लहान म्हणजे खरंच लहान. दोन खोल्या, पाचावरच फिरणारा एक पंखा, आणि गावोगाव जाऊन बायकांच्या दुखण्याखुपण्यात मदत करणाऱ्या सहाजणी. त्यांतल्या सगळ्यांत जुन्या आपा. लोणी भापकरच्या मुसलमान घरातल्या. त्यांची आई बांगड्यांची पेटी डोक्यावर घेऊन गावं फिरायची आणि लहानग्या आपा तिच्या मागनं चालायच्या. आपा सातवी शिकल्या, पुढं लग्न झालं, लवकरच नवरा गेला, आणि मग त्या आमच्या संस्थेत आल्या त्या कायमच्या. गुडघे दुखायचे तरी एसटीनं भिगवण, तिथून वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसून पुढची गावं, असा त्यांचा फेरा कधी चुकला नाही. कुणाला तपासायला न्यायचंय, कुणाच्या गोळ्या संपत आल्यात, कुणाची सासू कडक, कुणाचं दार मागून वाजवायचं, सगळं त्या वहीत लिहायच्या. शाळेची साधी दोनशे पानी वही. अशा एकवीस वह्या होत्या.

आणि त्या वह्यांची दशा! पानं दुमडलेली. नुसते कोपरे मुडपलेले असते तर मी गप्प बसले असते. अख्खं पान उभं, मधोमध मोडून आतल्या शिवणीकडं दाबलेलं असायचं. एकेका वहीत अशी दहा-बारा पानं. मी चिडून म्हणायची, "आपा, वही आहे का चिवड्याची पुडी?" त्या हसायच्या. "असू दे गं. माझी पद्धत हाय ती." कसली पद्धत, हे मी एकाच टेबलाशी बसून सोळा वर्षांत एकदाही विचारलं नाही. मला वाटायचं, विचारण्यासारखं आहे काय त्यात? गबाळेपणा तो गबाळेपणाच.

आता पाच संस्थांची गोष्ट. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत आमच्यासारख्या पाच संस्था जवळपास तेच काम करतात. पण एकीला काय ठाऊक आहे, ते दुसरीला ठाऊक नसायचं. एकाच घरात तीन संस्थांच्या तीन बाया जायच्या आणि तिघी तेच विचारायच्या, मुलं किती, दुखणं काय, दवाखाना कुठला. एका बाईनं वैतागून ऐकवलं होतं, "कालच्या बाईला सांगितली तेवढीच पोरं हायेत. रातीत न्हाय वाढली." तेव्हा पाचही संस्थांनी मिळून ठरवलं की आता सगळ्यांच्या नोंदी एका जागी आणायच्या. संगणकावर सामायिक फोल्डर करायचा, गाव आणि नाव टाकलं की ज्याला हवं त्याला पान दिसलं पाहिजे. हे काम कोण करणार? मला हात वर करायची फार हौस.

त्याच सुमारास आपांच्या दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. दोन महिने त्या पुण्याला लेकीकडं राहणार होत्या. जाताना सगळ्या वह्या पिशवीत भरून माझ्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाल्या, "तुझ्या हवाली करते. जप हं."

मी जपल्या की! इतक्या जपल्या की काय सांगू. एकेक पान उलगडलं. फोल्डरसाठी पानांचे फोटो काढायचे होते आणि घडीमुळं त्यांत काळी रेघ यायची, म्हणून घरून इस्त्री आणली, ओलं फडकं ठेवून पानं शेकली, वर जाडजूड रजिस्टरं दाबून ठेवली. तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी एकही सुरकुती नव्हती. मजकूर मी वाचला नाही, तेवढा वेळ नव्हता. पानाच्या डोक्यावरचं गाव आणि नाव तेवढं वाचायचं आणि यादीत घालायचं. एकवीस वह्या पाचही संस्थांच्या फोल्डरमध्ये गेल्या, तेव्हा मी स्वतःला चहाबरोबर क्रीमरोल खाऊ घातला.

उपयोगही झाला, खोटं कशाला बोलू? भिगवणच्या मासळी बाजारातल्या बायकांना सकाळी अकराच्या आत गाठायला गेलं तर त्या अंगावर धावून येतात, त्यानंतर मात्र निवांत बोलतात, हे आपांच्या वहीत होतं. ते वाचून इंदापूरच्या एका संस्थेचं वर्षभर अडलेलं काम सुरळीत झालं. त्यांच्या बाईंनी मला फोन करून सांगितलं, "तुमच्या आपा म्हणजे सोनं आहेत." मी म्हटलं, "सोनं आहे, पण घडी घालून ठेवलेलं." दोघीही हसलो.

आपा परत आल्या त्या काळा चष्मा लावून, खुशीत. "आता तुझ्या डोक्यातले पांढरे क्येस दिसायला लागले," म्हणाल्या. दुसऱ्याच दिवशी फेऱ्याला निघाल्या, डाळजला. डाळज म्हणते खरी, पण ते घर डाळजला नाही. गाव मी दुसरं घातलं आहे, घराच्या खुणाही फिरवल्या आहेत, आणि हे सगळं आधी आपांना वाचून दाखवलं आहे.

त्या घरातल्या सुनेला आकडी येते. लहानपणापासूनची. लग्न ठरवताना तिच्या आईनं ते लपवलं आणि पोरीला शपथ घातली की सासरी कुणाला म्हणजे कुणाला कळू द्यायचं नाही. नवरा लोणी देवकरच्या कारखान्यात पाळीवर असतो. घरात ती, सासू आणि चार शेरडं. लग्नानंतर भीतीपोटी तिनं गोळ्या सोडल्या होत्या. एकदा आपांनी तिचा हात हातात घेतला आणि ती भडाभडा बोलली. तेव्हापासून पाच वर्षं दर महिन्याला सरकारी दवाखान्यातून गोळ्या आणून आपा तिला गुपचूप द्यायच्या आणि ती ज्वारीच्या कणगीत पाकीट खुपसून ठेवायची. पुण्याला जाताना आपांनी दोन महिन्यांच्या एकदमच दिल्या होत्या. सासूची मात्र आपांना धास्ती. "म्हातारीला मी आवडत न्हाय बघ," त्या म्हणायच्या. "मी गेले की उठती आन शेरडांकडं जाती. पाठ करून बसती ती मी जाईस्तवर."

त्या दिवशी आपा दुपारीच परत आल्या. पिशवी खांद्यावरून न काढता माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"माझ्या वह्या कुठं हायेत?"

मी कपाट उघडलं. इस्त्री केलेल्या, नवं कव्हर घातलेल्या, ओळीनं लावलेल्या वह्या. मला वाटलं, बघून हरखून जातील. त्यांनी एक वही काढली, पानं चाळली, चष्मा कपाळावर सारला, पुन्हा चाळली. दुसरी काढली.

"दुमडलेली पानं कुठं गेली गं?"

"उलगडली की. सगळी! तीन दिवस खपत होते."

त्या खुर्चीत बसल्या. मग त्यांनी सांगितलं.

त्यांची आई बांगड्या भरायला बसली की बायका बोलायच्या. दुसऱ्या बाईच्या हातात हात असला की मनातलं आपोआप बाहेर येतं. आई अडाणी. एखादी गोष्ट कुठंही बोलायची नाही अशी असली की ती त्या बाईदेखत पदराला गाठ मारायची. म्हणजे बांधली, संपलं. आपांना लिहिता येत होतं, म्हणून त्या पान दुमडायच्या. बाईदेखतच. तिचं सगळं लिहून घ्यायचं, तिच्या डोळ्यांसमोर पान मोडायचं आणि शिवणीत दाबायचं. बाई निर्धास्त व्हायची. "दुमडलेलं पान मी बी कारणाबिगर उघडत न्हाय," आपा म्हणाल्या. "तुला म्हाईत आसंल असंच धरून चालले मी. सोळा वर्षं शेजारी बसतीस."

डाळजला काय झालं होतं, तेही मग कळलं. इंदापूरच्या संस्थेची एक कार्यकर्ती, अगदी सालस, त्या गावात गेली होती. फोल्डरमध्ये नाव सापडलं, पान वाचलं, आणि आपा रजेवर आहेत तर गोळ्यांची चौकशी आपण करावी म्हणून ती त्या घरी पोचली. सासू अंगणात शेंगा फोडत बसलेली. सून दारात. कार्यकर्तीनं आपुलकीनं विचारलं, "आपांच्या ऑफिसातल्या कागदावर वाचलं. आकडीच्या गोळ्या चालू आहेत ना ताई?"

सून म्हणाली, "कसल्या गोळ्या? मला काय झालंय?" सासू शेंगा फोडत राहिली. त्याच दिवशी पोरीनं कणगीतलं पाकीट उकिरड्यात टाकलं. आणि आज आपांना दारातच म्हणाली, "आपा, तुमी येत जाऊ नगा. तुमी गावाला सांगितलंत."

"गावाला सांगितलंत," आपा पुन्हा म्हणाल्या आणि त्यांच्या काळ्या चष्म्याखालून पाणी ओघळलं. डॉक्टरांनी डोळ्यांना पाणी लागू द्यायचं नाही म्हणून बजावलं होतं. मी रुमाल पुढं केला, तो त्यांनी घेतला नाही.

मी रडले. रडून काय होणार होतं? पाचही संस्थांना फोन केले, फोल्डरमधून आपांच्या सगळ्याच वह्या काढल्या, ज्यांनी उतरवून घेतल्या होत्या त्यांच्याकडं स्वतः जाऊन पुसायला लावल्या. इंदापुरात एकजण म्हणाला, "मॅडम, माहिती सगळ्यांची असते, तुम्हीच तर म्हणाला होतात." मी त्याच्यावर अशी कडाडले की तो पाणी आणायला उठून गेला. खरं तर मी स्वतःवरच कडाडत होते.

मग आम्ही दोघी वह्या घेऊन बसलो. कुठली पानं दुमडलेली होती? मी इस्त्री इतकी मन लावून केली होती की घड्या सापडेनात. मी पान खिडकीच्या उजेडात तिरपं धरायची, आपा बोटानं चाचपायच्या, पुसट रेघ लागली की म्हणायच्या, "हे." मी दुमडायची. पुढचं. "हे न्हाय... थांब, हाय हाय, हे बी." दोन दिवस आम्ही तेच केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी त्यांच्या डब्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढं सरकवली, तेव्हा कुठं मी माझा डबा उघडला.

पण डाळजची पोरगी गोळ्यांशिवाय होती. चूल, विहीर, वाटेवरचा कालवा, कुठंही आकडी आली तर? आम्हाला दोघींना दुसरं काही सुचत नव्हतं. आपा दोनदा जाऊन आल्या. दोन्ही वेळा दार लागलेलं.

तीन आठवड्यांनी एक म्हातारी आमच्या ऑफिसात आली. नऊवारी लुगडं, हातात कापडी पिशवी, चेहरा उन्हानं लाल. आपा तिला बघून ताडकन उठल्या. डाळजची सासू! मला वाटलं, आता आमची खैर नाही. मी पाणी दिलं. तिनं ते सगळं पिऊन तांब्या खाली ठेवला आणि विचारलं, "ती कागदावर लिवणारी बाय कोण?"

"मीच," मी म्हटलं.

"बरं. बसा. माझं एक काम करा."

तिला पाच वर्षांपासून ठाऊक होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात सून गोठ्यापाशी पडलेली तिला दिसली. तिनं तिला कुशीवर वळवलं, डोकं मांडीवर घेतलं, तोंड पुसलं, अंग सैल पडेपर्यंत थोपटत राहिली. "आन ती पुरती सुदीवर यायच्या आधी उठून रानात गेले," ती म्हणाली. "तिला वाटलं, कुणी बघितलं न्हाय."

"का हो आक्का?" आपांनी विचारलं. "बोलला असता तर..."

"माझ्या थोरल्या भणीला आकडी यायची. सासरी कळल्यावर तिसऱ्या दिवशी आणून सोडली आमच्या दारात. परत न्हाय नेली. आमच्याच घरात, सगळ्यांच्या म्होरं खाली मान घालून जगली आन तशीच गेली." म्हातारीनं पदरानं नाक पुसलं. "माझ्या सुनंची मान मला खाली झालेली बघायची न्हाय. मला कळलंय असं तिला कळलं, तर ती माझ्या डोळ्याला डोळा देयाची न्हाय जलमभर. आईची शपथ हाय तिला. गोळ्या खाती, बरी ऱ्हाती, मला आन काय पायजे? कणगीतली जवारी मी काढतच नव्हते. तीच काढायची."

आपांनी तिचा रिकामा तांब्या पुन्हा भरून ठेवला.

"आता तिनं गोळ्या टाकल्या. मला कळू नये म्हणून. म्हैना होत आला, चुलीपुढं मीच बसते. काय बी कारन काढते. पर कुठंवर?" मग माझ्याकडं वळून म्हणाली, "तुमी घरी या. माझ्यासमोर तिला सांगा की कागदच चुकला. नाव दुसऱ्या कुणाचं व्हतं, चुकून तिचं लिवलं. मी तुमाला शिव्या देईन. तुमी ऐकून घ्या."

सोळा वर्षांत माझी एक नोंद चुकली म्हणून कुणी बोट दाखवलं नव्हतं. आणि ही बाई मला सांगत होती की तुझी बरोबर नोंद चुकीची आहे असं सांग. मी म्हटलं, "उद्याच येते."

दुसऱ्या दिवशी आपा आणि मी डाळजला गेलो. सून आम्हाला बघून आत वळली, पण सासूनं अंगणातनंच आवाज चढवला, "आता कशाला आलाय? कुणाच्या सुनंचं दुखणं कुणाला चिकटिवता? लाज हाय का काय तुमाला?" सून दाराच्या चौकटीला धरून थांबली.

मी हात जोडले. "माझी चूक झाली. नोंद चुकीची होती. नाव दुसऱ्या बाईचं होतं, मी इथलं लिहिलं. आता काढून टाकलं आहे."

पहिलं आणि शेवटचं वाक्य शंभर टक्के खरं होतं आणि मधलं सगळं खोटं. पण माझा आवाज पहिल्याच वाक्याला असा फुटला की पुढचंही खरं वाटलं असावं. सासू थांबेना. "शिकल्यासवरल्या म्हणवून घेता! धड नाव लिवता येत न्हाय?" तिच्या त्या शिव्या मला इतक्या गोड वाटत होत्या की काय सांगू! सून माझ्याकडं बघत होती. मग सासूकडं. मग खाली.

"आत्या, जाऊ द्या," ती हळूच म्हणाली. "चुकतं माणसाचं."

सासू अंगणात खाली बसली. आपांच्या पिशवीत गोळ्यांचं पाकीट होतं, पण ते पुढं कसं करणार? जी आजारीच नाही तिला गोळ्या कशा द्यायच्या? आमचं येणं इथंच संपतंय की काय, असं मला वाटलं. आपांनी पिशवी छातीशी धरली होती.

तेवढ्यात म्हातारी उठली. "शेरडांना पाणी दावते," म्हणाली आणि बाजूच्या परड्यात, शेरडांपाशी गेली. शेरडांची बादली काठोकाठ भरलेली होती, मला माझ्या जागेवरून दिसत होती. ती बादलीजवळ उकिडवी बसली, आमच्याकडं पाठ करून.

आपांनी माझा हात घट्ट धरला. पाच वर्षं ती पाठ त्यांनी पाहिली होती.

पोरगी दारातनं दोन पावलं पुढं आली. परड्याकडं बघितलं. मग आपांपुढं तळवा पसरला. आपांनी पाकीट ठेवलं, तिची मूठ मिटवली आणि दोन्ही हातांनी ती मूठ धरून ठेवली. मग ती आत गेली. कणगीचं झाकण वाजलं, तांब्यात पाणी ओतल्याचा आवाज आला. बराच वेळ ती बाहेर आली नाही, आणि म्हातारीही हलली नाही. शेरडं बादलीला तोंडसुद्धा लावत नव्हती.

"आत्या," आतून हाक आली, "पाव्हण्यांना च्या ठेवू का?"

तेव्हा कुठं म्हातारीनं मान वळवली.

"ठेव की. थांब, मी बी येती चुलीपाशी. गुडघं शेकायचं हायेत मला."

अंगणात चैत्राचं ऊन मी म्हणत होतं.